दातांसकट

४ फेब्रुवारी

ताई,

पत्र घरच्या पत्त्यावर न पाठवता तुझ्या धुलाईखान्याच्या पत्त्यावर पाठवतेय. फोनवर बोलायचं तर बाबा पलंगावरून कान टवकारून असतात आणि मग तू नुसतं ‘हं’, ‘बघू’ करत राहतेस. त्यापेक्षा चादरींच्या गठ्ठ्यावर बसून हे वाच आणि सावकाश उत्तर दे.

आमच्या संग्रहालयात जुन्या हॉटेलांतल्या बँडवाल्यांच्या फोटोंचं प्रदर्शन लागतंय. पांढरे कोट, चापून बसवलेले केस, मागे नाचाची गुळगुळीत फरशी. परवा भिंतीवर लावायला फोटो बाहेर काढले, तर एकात बाबा. उजवीकडून दुसरे, ट्रम्पेट गुडघ्यावर उभं धरलेलं, बावीस-तेवीसचे असतील. आपण पाहिलेले बाबा नेहमी नुकते कामावरून आलेले असायचे. हा माणूस कुठूनच आलेला नाही. मी चहाच्या वेळी बोलून गेले, हे माझे वडील. संचालकबाईंनी कप खाली ठेवला आणि विचारलं, “हयात आहेत?” एखाद्या जुन्या संचातली चौथी खुर्ची अजून कोणाकडे आहे का, असं विचारावं तसं.

तर मार्चच्या शेवटच्या शुक्रवारी संध्याकाळी मोठ्या दालनात जॅझची मैफल आहे, प्रवेश मोफत. मोफत म्हटलं की आमच्याकडे दोन प्रकारचे लोक येतात. काहींना ऐकायचं असतं, काहींना बसायचं असतं. बसायचं असलेले आधी येतात. वाजवणारी चार-पाच तरुण मुलं आहेत, त्यांचा म्होरक्या पियानोवाला. त्यांच्याबरोबर बाबांनी एक चीज वाजवायची. चार मिनिटं, जास्त नाही. बँडमध्ये त्यांना ‘फुंकर’ म्हणायचे, हे मी बाईंना सांगितलं आणि त्यांनी ते लगेच लिहून घेतलं. ते लिहून घेणं मला आवडलं नाही. पण ताई, त्या फोटोसमोर बाबा उभे राहिलेले मला बघायचे आहेत.

तू नाहीच म्हणणार. निदान कारण देऊन म्हण.

चिंगी


११ फेब्रुवारी

चिंगे,

कारणं देते. वय अठ्ठ्याहत्तर. बसचा प्रवास सहा तासांचा, त्यात त्यांना दर तासाला उतरावं लागतं. खोकला. गेल्या वर्षी दातांचं काम झालं तेव्हापासून तोंड पूर्वीसारखं राहिलेलं नाही. आणि आई गेली त्या आठवड्यात ट्रम्पेट माळ्यावर गेलं ते आठ वर्षांत खाली आलेलं नाही. तुझ्या बाईंना सांग, हयात आहेत, पण बाहेर देत नाही.

तुझ्याकडे सगळं काचेमागे असतं. माझ्याकडे काचेशिवाय येतं. इस्पितळाच्या रोज चारशे चादरी. कोणाचं काय लागलंय ते मी बघत बसत नाही, आधी गार पाणी, मग गरम. रक्ताचा डाग आधीच गरम पाण्यात घातला तर जन्मात निघत नाही, हे नव्या बायकांना पहिल्या दिवशी शिकवावं लागतं. मला माणसाच्या अंगातून निघालेल्या कशाचीही किळस येत नाही. पण तुझं ते ‘लगेच लिहून घेतलं’ वाचून आली.

तुझं कंत्राट एप्रिलमध्ये संपतं ना? सहज विचारलं.

ताई


१६ फेब्रुवारी

ताई,

सहज तू आजवर काही विचारलेलं नाहीस. हो, एप्रिलमध्ये संपतं. बाबा आले तर पुढे चालू, असं कोणी म्हणालेलं नाही. आले नाहीत तर बंद, असंही नाही. फक्त हल्ली बाई मला नावाने हाक मारतात, आधी ‘अहो कार्यक्रमवाल्या’ म्हणायच्या.

रागावू नकोस, मी घरच्या फोनवर बाबांना थेट गाठलं. तू कामावर होतीस. मी सगळं सांगायच्या आत त्यांनी विचारलं, किती वाजता? म्हटलं, सहाला सुरू होतं. तर म्हणाले, मग सव्वासहापर्यंत ओठ गरम होतील. तुला हे कधी बोलले होते? तू त्यांना धुऊन, घडी घालून कपाटात ठेवलंयस. ठेवतेस चांगलं, पण कपाटातच.

आता इथली गंमत ऐक. चित्रांची देखभाल करणारे एक गृहस्थ आहेत, दिवसभर हवेतला दमटपणा मोजत फिरतात, आम्ही त्यांना ओलावाकाका म्हणतो. त्यांनी हरकत घेतली की ट्रम्पेटवाले नळीतलं पाणी जमिनीवर सोडतात. पाणी कसलं, थुंकीच ती. आमची फरशी दीडशे वर्षांची, लाकडी. दोन बैठका झाल्या, टिपणं लिहिली गेली, आणि ठरलं की वाजवणाऱ्याच्या पायाशी एक स्टीलचा ट्रे ठेवायचा, आत टॉवेल. कागदोपत्री त्याचं नाव ‘द्रवसंकलन पात्र’. देणगीदारांना मात्र दालनात वाइन चालते. फक्त पांढरी, कारण लाल सांडली तर डाग पडतो. म्हणजे पैसेवाल्याचं सांडलेलं चालतं, रंग नसला की झालं. ते टिपण मीच टाइप केलं.

जाहिराती छापून झाल्या. ‘फोटोतला फुंकर, प्रत्यक्ष’. मला दाखवल्या तेव्हा मी छान म्हटलं.

चिंगी


२ मार्च

चिंगे,

कपाटातलं वाक्य दोनदा वाचलं. असू दे.

ट्रम्पेट खाली काढलं. बाबांनी स्वतःच स्टूल लावलं, मी घरी नसताना. कळांना तेल घातलं, जुन्या गंजिफ्राकने पुसून पुसून पिवळं केलं. रोज मी कामावरून आले की न्हाणीघराचं दार बंद करून आत जातात, अर्धा तास. मग हनुवटी पुसत बाहेर येतात. काही विचारलं तर म्हणतात, कळ अडकतेय. सराव चालू आहे.

शेजारचे मामा मैफलीच्याच दिवशी तुमच्या शहरात यायचेत, त्यांच्याबरोबर बसवून देते. मला रजा नाही. त्यांच्या पिशवीत गोळ्या असतील, सकाळ-संध्याकाळ लिहून ठेवलंय. पावाचा कडक भाग देऊ नकोस, गाभा सुपात बुडवून दे. उशी दोन लागतात. रात्री कवळी काढून पेल्यात ठेवतात, पाणी कोमट नको, गार. सकाळी पेला घासून घे, तळाशी चिकट राहतं. शर्टाची वरची गुंडी त्यांना लागत नाही, ते सांगणार नाहीत, तू लाव.

आणि चिंगे, त्या दिवशी त्यांच्या जवळ उभी राहा. लांब राहू नकोस.

ताई


३० मार्च

ताई,

बाबा आत झोपलेत. मी स्वयंपाकघरात बसून लिहितेय, कारण हे लिहिल्याशिवाय मला तुझं तोंड बघता येणार नाही.

साठ खुर्च्या होत्या आणि दोनशे माणसं. एका कुटुंबाने चार खुर्च्यांवर कोट टाकून ठेवले आणि स्वतः फोटो बघायला गेले. एका गृहस्थांनी बोटं पुसलेला कागद संगमरवरी पुतळ्याच्या पायाशी ठेवला, अगदी अलगद, जणू तीही एक कलाकृती. दोरीच्या पलीकडे पांढरी वाइनवाले भिंतींकडे पाठ करून उभे होते आणि ओलावाकाका त्यांच्या कोपरांवर नजर ठेवून. मुलं वाजवत होती ते चांगलं होतं असं म्हणतात. मी खुर्च्या मोजत होते.

बाबांसाठी बाईंनी पांढरा कोट आणवला होता. खांद्यात मोठा. मागून कागदाच्या चिमट्यांनी आवळला, दुकानातल्या पुतळ्याचे कपडे आवळतात तसा. समोरून झकास. आणि बाबा हसत होते, ताई. पियानोवाला म्हणाला, काका, सुरुवात तुम्ही करा, आम्ही मागून येतो.

पहिल्यांदा फुंकलं, तर नुसती हवा. सायकलची ट्यूब सोडल्यासारखी. लोकांना वाटलं हे असंच असतं. दुसऱ्यांदा एक सूर आला आणि मधेच फाटला. तिसऱ्यांदा त्यांनी जोर लावला आणि वरची कवळी निसटून आतल्या आत आपटली, टक् करून. माइक अगदी जवळ होता, आवाज सगळ्या दालनात गेला. हनुवटीवरून लाळ खाली आली आणि त्या कोटाच्या कॉलरवर. ट्रे पायाशी होता तो तसाच कोरडा.

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. सगळ्यांनी फोन वर धरले. पुढच्या रांगेतल्या एका बाईने छातीवर हात ठेवला आणि मान तिरकी केली, आजारी मांजराकडे बघतात तशी. मला तिच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. आणि खरं सांगू? त्याच क्षणी मला बाबांच्या तोंडाचीही किळस आली. त्या लाळेची, त्या टक्ची. मी मागच्या दाराने पळाले. उष्ट्या ताटल्या ठेवतात त्या खोलीत जाऊन नळ पूर्ण सोडला, काही ऐकू येऊ नये म्हणून, आणि हात धूत राहिले. बऱ्याच वेळाने भिंतीपलीकडून टाळ्या आल्या. थांबेचनात. इतकी मोठी दया मी कधी ऐकली नव्हती. म्हाताऱ्या माणसाला पडताना पाहून दोनशे लोक स्वतःच्या चांगुलपणाला टाळ्या देत होते.

बाहेर आले तेव्हा बाबा खुर्चीत पाणी पीत होते. बाईंनी त्यांचे दोन्ही हात धरले होते. म्हणाल्या, किती हृदयस्पर्शी. घरी येताना बाबांनी मला विचारलं, “बरं झालं ना?” मी हो म्हटलं. सकाळी बेसिनवर पेला होता. मी त्याच्यावर बशी झाकली.

महिनाभर तू न्हाणीघराच्या दाराबाहेर होतीस. तुला ऐकू येत होतं. ‘सराव चालू आहे’ असं लिहिताना तुझा हात कसा चालला?

मंगळवारच्या बसने मामांबरोबर बसवते.

चिंगी


६ एप्रिल

चिंगे,

हात चालला, कारण खरं लिहायचं तर त्याच्या मागचंही लिहावं लागलं असतं. ते आता लिहिते.

गेल्या वर्षी बाबा घसरून पडले, हे तुला कळवलं होतं. पुढचे चार दात हलले होते, हे नव्हतं कळवलं. दातांची डॉक्टरीण म्हणाली, चारही वाचतील, पण आठवड्यातून दोनदा यावं लागेल, चार महिने. नाहीतर बाकीचे किडकेही सगळे काढून कवळी, तीन खेपांत काम संपेल. मी मनात रजा मोजल्या. तिने विचारलं, यांना तोंडाचं काही विशेष काम असतं का, गातात, वाजवतात, शिकवतात? बाबा शेजारच्याच खुर्चीवर आ करून पडले होते. मी म्हटलं, “नाही, फक्त जेवतात.”

ते ऐकत होते. आ केलेल्या माणसाला मधे बोलता येत नाही.

मग तू तो फोटो बाहेर काढलास. न्हाणीघरातून महिनाभर जे येत होतं त्याला आवाजही म्हणता येणार नाही. मी दाराबाहेर कांदे सोलत उभी राहायचे. मला वाटायचं ते स्वतःच बाहेर येऊन म्हणतील, जमत नाही, कळव तिला. ते म्हणतील म्हणून मी थांबले. बहुतेक मी म्हणेन म्हणून ते थांबले.

आता माझी तक्रार ऐक. बाबा इथे मजेत आहेत. मला ते सहन होत नाही. शेजारच्या मामांना बोलावून सांगतात, काय गर्दी होती, पियानोवाला पोरगा काय तयारीचा. सुपाच्या वाटीवर चमचा वाजवतात. मी म्हटलं, बाबा, तुम्हाला जरासुद्धा वाईट वाटलं नाही? तर म्हणाले, कशाचं? ज्या माणसाला दोनशे लोकांपुढे लाळ गळली त्याला टाळ्यांचीच गोडी लागली असेल, तर मला त्यांचीही शिसारी येते. हे बापाबद्दल लिहायचं नसतं, पण तू सुरुवात केलीस.

संग्रहालयाकडून संमतीपत्र आलं, मैफलीत काढलेली बाबांची फिल्म प्रदर्शनात लावायची म्हणून. माझ्या देखत सही केली, चष्मा न लावता. तुझ्याकडेच पाठवतेय. तुझं कंत्राट पुढे चालू झालं हेही बाबांनीच सांगितलं, तू नाही.

ताई


१२ एप्रिल

ताई,

दातांचं वाचून मला तुझा राग यायला हवा होता. आला नाही. मी असते तर मीही रजाच मोजल्या असत्या.

कंत्राट एका वर्षाचं मिळालं. सांगायची लाज वाटली. कशाबद्दल मिळालं ते मला माहीत आहे.

फिल्म मी पाहिलेली नाही आणि पाहणार नाही. इथं कोणी त्या संध्याकाळबद्दल बोलायला लागलं की मी खुर्च्यांचा विषय काढते. बाईंना ती फोटोच्या शेजारी पडद्यावर लावायची आहे, दिवसभर फिरती. म्हणाल्या, मधला जरा शारीरिक भाग आहे तेवढा कापू, लोक जेवूनखाऊन येतात, बाकीचं फार सुंदर आहे. शारीरिक म्हणे. ती लाळ कापणार आणि ट्रम्पेट उचलणारा सुरकुतलेला हात ठेवणार, मग टाळ्या, मग पुन्हा हात. दहा ते सहा, सोमवारी सुट्टी. बाबा दर चार मिनिटांनी एकदा हरणार आणि लोक दर चार मिनिटांनी एकदा भले होणार.

ताई, मी ते संमतीपत्र फाडलं. बारीक तुकडे करून, त्याच उष्ट्या ताटल्यांच्या खोलीत. बाईंना सांगितलं, सही आलीच नाही, वडील नाही म्हणतात. त्या वेळी मला माझा एवढा एकच गुण दिसला.

बाबांना यातलं काही बोलू नकोस.

चिंगी


२१ एप्रिल

चिंगे,

बोलले नाही. पण मी फिल्म पाहिली.

पियानोवाल्या मुलाने ती शेजारच्या मामांच्या फोनवर पाठवली होती. बाबांनी त्या मुलाला आपला नंबर म्हणून तोच दिला असणार. मामांनी माझ्या फोनवर टाकली. घरी बघायची हिंमत नव्हती, म्हणून इस्त्रीच्या खोलीत दुपारच्या सुट्टीत बघितली. इस्त्रीवाली आणि आणखी दोघी मागे येऊन उभ्या राहिल्या, त्यांना हटकायला जमलं नाही.

तू लिहिलंस ते सगळं त्यात आहे. हवा, फाटलेला सूर, टक्. पण तिथे ती संपत नाही. तू लिहिलंस तिथे तर ती अर्धीही होत नाही.

त्यानंतर बाबा नुसते उभे राहतात. एका बाजूला बघत राहतात, बराच वेळ. मला वाटलं, गोंधळले, कुठे आहोत ते विसरले. मग ट्रम्पेट पियानोवर ठेवतात. खिशातून रुमाल काढतात, तोंडात बोटं घालतात आणि कवळी काढतात. आधी वरची, मग खालची. लाळेचा एक धागा दिव्यात चकाकतो, लांबतो आणि तुटतो. रुमालाची गाठ मारून कोटाच्या खिशात. आणि चेहरा असा आत जातो, नाडी ओढल्यावर पिशवीचं तोंड जातं तसा. कोणीतरी पुरुष अगदी जवळून ‘शी’ म्हणतो, ते नीट ऐकू येतं. एक बाई मुलीचे डोळे झाकते. दोघं उठून जातात. चिंगे, माझ्याही तोंडून ‘शी’च निघालं. हीच कवळी मी रोज रात्री धुते, आणि तरी.

मग ते तोंडानेच वाजवायला लागले. गाणं नव्हे, शब्द नव्हते. ट्रम्पेटने जे वाजवायचं तेच, पा आणि बा आणि दा करून, हिरड्यांवर ओठ आपटून. गोड नव्हतं. घोगरं होतं, थुंकी उडत होती, एकदा खोकला आला तर तो खोकलाही त्यातच ओढून नेला. उजव्या हाताची तीन बोटं हवेत कळा दाबत होती. पियानोवाला आधी हसत होता, सांभाळून घेतात तसा. मग त्याचं हसू गेलं. त्याला धावावं लागत होतं. ढोलवाला मुलगा खुर्चीत ताठ झाला. मला त्यातलं काही कळत नाही, पण घाबरलेला माणूस मला कळतो, इस्पितळात दुसरं काय असतं. बाबा घाबरलेले नव्हते. घाबरली होती ती मुलं.

टाळ्या दयेच्या होत्या का, मला नाही सांगता येणार. काही असतील. बाबांनी चाळीस वर्षं टाळ्या ऐकल्यात, कोणत्या कसल्या ते त्यांना कळत असेल. आपण दोघींनी त्यांच्या वतीने ठरवून टाकलं.

इस्त्रीवाली म्हणाली, “तुझा बाप पार निर्लज्ज आहे गं.” आणि म्हणाली, पुन्हा लाव. तीनदा लावली. सुट्टी संपली तरी भोंग्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं.

म्हणजे तुझ्या बाई कापणार आहेत तो ‘शारीरिक’ भाग कोणता, ते तुला आता कळलं असेल. लाळ नव्हे. लाळ तर त्यांना चालेल, तिने डोळे ओले होतात. त्यांना तो कापायचाय, ज्यात म्हातारा बिचारा राहत नाही.

बाबा रोज विचारतात, लावली का गं त्यांनी? कागद पोचला का? मी ‘बघू’ म्हणते. मला ते पुढे म्हणता येणार नाही. तू फाडलास, तू सांग. घरच्या पत्त्यावर लिही.

ताई


२७ एप्रिल

बाबा,

तुम्हाला एकट्याला मी पहिल्यांदाच पत्र लिहितेय. ताईला वाचायला देऊ नका असं म्हणत नाही, तिला सगळं माहीत आहे.

तुम्ही सही केलेलं संमतीपत्र संग्रहालयाला मिळालं नाही, कारण मी ते फाडलं. मला वाटलं मी तुमची लाज वाचवतेय. खरं तर मला माझी वाटत होती. त्या संध्याकाळी तुमच्या दातांचा आवाज झाला आणि मी तिथून निघून गेले. त्यानंतर तुम्ही काय केलंत ते मी पाहिलं नाही. तुम्ही घरी येताना ‘बरं झालं ना’ विचारलंत, तेव्हा मी काही न पाहता हो म्हटलं. तुम्ही इथे होतात ते तीन दिवस मी तुमच्या तोंडाकडे बघून बोलले नाही, हेही तुमच्या लक्षात आलं असेल.

फिल्म अजून पाहिलेली नाही. ताईने लिहून कळवलं तेवढंच माहीत आहे.

सोबत नवं पत्र जोडलंय. बाईंना मी सांगितलं की आधीचं मीच फाडलं होतं. त्या रागावल्या नाहीत, पुन्हा ‘अहो’ म्हणाल्या फक्त. मात्र त्यांचं म्हणणं कायम आहे. दात काढल्यापासून पुढचं कापायचं, आणि तिथून थेट टाळ्यांवर यायचं. लोकांना किळस येते, म्हणाल्या. तुम्हाला न सांगता सही घेणं मला पटेना. करायची की नाही ते तुम्ही ठरवा. तुमचं उत्तर जसं असेल तसं त्यांच्या टेबलावर ठेवीन. कंत्राटाचा विचार करू नका.

तुमची,
चिंगी


५ मे

चिंगे,

अक्षर लागत नसेल तर ताईला फोनवर विचार, ती शेजारी बसली आहे. वाचू नको म्हटलं तरी वाचते आहे.

सही केली आहे. सहीच्या वर लिहिलं आहे ते बाईंना वाचून दाखव. फिल्म दातांसकट लावायची. दात काढतो तेही आणि त्यानंतरचंही. एक क्षण जरी कापला तर नुसता फोटो राहू द्यावा, फोटोत मी बरा दिसतो. लोकांना किळस येते म्हणतात तर येऊ दे. हॉटेलात आम्ही वाजवायचो तेव्हा समोर लोक जेवत असायचे, हाडं चोखायचे, बोटं चाटायचे, आणि आम्ही ते बघत बघत वाजवायचो. आम्ही कधी त्यांचं काही कापा म्हटलं नाही.

ओठ फुटला की तोंडाने वाजवायचं हे आमच्यात सगळेच करत. त्यात काही मोठं नाही. घरी न्हाणीघरात महिनाभर बघितलं, कवळी राहत नाही हे मला कळलं होतं. तरी आलो. तुम्ही दोघी मला काय समजता ते मला माहीत आहे. दातांच्या खुर्चीत मी ऐकलं ते ताईने तुला लिहिलं म्हणे. तिला मी त्याबद्दल कधी बोललो नाही, पुढेही बोलणार नाही. तिने त्या वर्षी माझ्यासाठी काय काय उचललं ते मी बघितलं आहे.

आता तुझं. तू निघून गेलीस म्हणून रडगाणं लावलं आहेस. तू गेलीस ते मी तिथून पाहिलं. पहिल्यांदा कवळी निसटली तेव्हाच काढून टाकायची होती. पण तू बाजूला मागच्या दाराशी उभी होतीस, हातात कसलीतरी यादी घेऊन. पोरीसमोर बोळकं व्हायला मन होईना. घरी पेला असतो ती गोष्ट वेगळी. मी वाट बघत होतो तू कधी नजर काढतेस. तू दार ढकललंस, ते नीट बंद झालं, मग मी रुमाल काढला. तू थांबली असतीस तर मी पुन्हा तेच ट्रम्पेट तोंडाला लावलं असतं आणि चार मिनिटं हवा सोडत बसलो असतो.

तेव्हा तुझं जाणं माझ्या उपयोगी पडलं. त्याचं वाईट वाटलं नाही असं लिहिणार नाही. वाटलं. दोन्ही खरं आहे.

फिल्म लागली तर कळव. बघायचं ठरवलंस तर दुपारी गर्दी नसताना जा, आणि बसून बघ, चार मिनिटं पुरी. मधे उठू नकोस. वाजवणाऱ्याला पाठ दिसते.

बाबा